गट : इतर

स्वयंसेवी संस्थांसाठी बनवलेले माहिती आणि संपर्काचे सॉफ्टवेअर म्हणजे तीन वह्या एकत्र शिवून केलेली एकच जाडजूड वही. पहिलीत माणसे, दुसरीत पैसे, तिसरीत कोणाला काय कळवले त्याची नोंद. किराणा दुकानाला एवढा व्याप लागत नाही, कारण तिथे जो पैसे देतो तोच पिशवी घेऊन जातो. संस्थेचे तसे नाही. पैसे देणारा नाशिकला कॉलेज रोडवर राहतो आणि ज्याच्यासाठी ते दिले तो त्र्यंबकेश्वर तालुक्यात, हरसूलच्याही पुढे एखाद्या पाड्यावर. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेले नसते. त्यांची गाठ पडली तर ती या सॉफ्टवेअरमध्येच, आणि तिथेही दोघांचे तक्ते वेगळे.

या वर्गातले नावाजलेले मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे सिव्हीसीआरएम. त्याची पहिली आवृत्ती २००५ साली आली. ते उभे करणाऱ्यांपैकी एक डोनाल्ड लोबो. याहूच्या सुरुवातीच्या काळात ते तिथे अभियंता होते. पुढे त्यांच्याच पुढाकाराने भारतात प्रोजेक्ट टेकफॉरडेव्ह सुरू झाला आणि त्यातून २०२० मध्ये ग्लिफिक हे व्हॉट्सॲपवरून दुतर्फा संवाद साधण्याचे साधन आले. सेल्सफोर्स ही बडी कंपनी धर्मादाय संस्थांना दहा परवाने मोफत देते; ते बसवून देणारा मोफत मिळत नाही. एवढे सगळे असले, तरी तालुक्याच्या पातळीवरचे खरे सॉफ्टवेअर एक्सेलच. त्यात ‘देणगीदार अंतिम’ नावाची एक फाइल असते आणि शेजारी ‘देणगीदार अंतिम – हीच वापरणे’ नावाची दुसरी. वापरात तिसरीच असते.

सिव्हीसीआरएमच्या लेखी जगात संपर्क तीनच प्रकारचे: व्यक्ती, कुटुंब आणि संस्था. संस्था आपापल्या सोयीने त्यांना रकाने जोडतात. देणगीदाराच्या वाट्याला ते भरपूर येतात: उपाधी, पॅन, वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, पत्र मराठीत की इंग्रजीत, नाव छापावे की गुप्तदान. शेवटच्या रकान्यात ‘गुप्त’ लिहिणारे थोडे. ‘गुप्त’ लिहून वार्षिक अहवाल कधी छापून येणार असे विचारणारे त्याहून थोडे जास्त. लाभार्थ्याच्या नोंदीत नाव, गाव, लिंग, जन्मतारीख, मोबाइल, आधार आणि फोटो एवढेच. त्याला पत्र कोणत्या भाषेत हवे हा प्रश्न नसतो, कारण पत्र जायचेच नसते.

देणगीदाराला हे सॉफ्टवेअर दाखवायला बसवले, तर तो कुपोषणाचा तक्ता उघडत नाही; स्वतःचे नाव शोधतो. प्रस्तुत लेखकाच्या बाबतीत ते सापडलेही. गट पाच होते: आश्रयदाते, आजीव सदस्य, हितचिंतक, माध्यमे आणि इतर. दरवर्षी न चुकता धनादेश पाठवणारा, शिवाय वर्तमानपत्रांत लिहिणारा, शिवाय मेळाव्यात प्रमुख पाहुणा म्हणून शाल-श्रीफळ घेतलेला माणूस कोणत्या गटात शोभेल याबद्दल त्याच्या स्वतःच्या काही कल्पना होत्या. सॉफ्टवेअरच्या निराळ्या होत्या. गटापुढे ‘इतर’ आणि शेऱ्यात दोनच शब्द : ‘फोन लांबतो’.

नोंदी भरल्या की दुबार नोंदींचा प्रश्न येतो. नाव आणि ई-मेल जुळले तर माणूस एकच, असा सॉफ्टवेअरचा सर्वसाधारण समज. पाड्यावर ई-मेल नसतो. मोबाइल घरात एक, आणि तोही थोरल्या मुलाच्या खिशात. त्यामुळे एकाच नंबरापुढे आजी, आई, दोन सुना आणि नातवंडे अशी अख्खी रांग लागते आणि ही सगळी एकच व्यक्ती असावी अशी शंका सॉफ्टवेअर नम्रपणे व्यक्त करते. याच्या उलट, आधारवर एक स्पेलिंग, रेशनकार्डावर दुसरे आणि मतदार यादीत तिसरे असलेली एकच बाई त्याला तीन बाया वाटते. गावांचेही तसेच. त्र्यंबकेश्वर तालुक्यातले हरसूल आणि मध्यवर्ती कारागृहासाठी प्रसिद्ध असलेले छत्रपती संभाजीनगरचे हर्सूल यांत मराठीत निदान रफाराचा फरक आहे. इंग्रजी स्पेलिंगमध्ये तोही उरत नाही. यादीतला चुकीचा पर्याय टिचकीसरशी निवडला, की नागली-वरई पिकवणारी कुटुंबे नकाशावर थेट कारागृहाच्या भिंतीला लागून राहायला जातात.

पैशांची वही सर्वांत नेटकी असते, कारण तिला आयकर खात्याचा धाक आहे. कलम ८०जी खाली सवलत देणाऱ्या संस्थेला २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून प्रत्येक देणगीदाराचा तपशील फॉर्म १०बीडीमध्ये भरावा लागतो. मुदत ३१ मे. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात म्हणून संस्थेतून सौम्य आवाजात फोन येतात आणि पॅन विचारला जातो. वर्षभर ‘फोन लांबवणारे’ नेमके त्या वेळी उचलत नाहीत.

३१ मे उलटला की १ जून येतो, आणि १ जून हा स्वतंत्र प्रकरणाच्या योग्यतेचा विषय आहे.

महाराष्ट्रातल्या कैक माणसांचा जन्म १ जूनला झालेला आहे. घरी जन्मलेल्या मुलाची तारीख कोणी लिहून ठेवत नसे. शाळा जूनमध्ये उघडे, गुरुजींना पट भरायचा असे. मुलाला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला सांगायचे. कान हाती लागला की वय भरले. मग गुरुजी त्याला १ जूनला जन्माला घालत. एका दौतीतून किती जन्म झाले याचा हिशेब कोणत्याही प्रसूतिगृहाला लागायचा नाही. याचा परिणाम असा, की महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो या नियमाने ३१ मे रोजी राज्यभरच्या कचेऱ्यांत एकाच दिवशी निरोप समारंभ होतात आणि हारवाल्यांची चंगळ होते. पुढे आधार आले. ज्यांना नुसते वय सांगता आले त्यांच्यासाठी त्याने १ जानेवारी नेमली. म्हणजे हरसूल भागातल्या कोणत्याही संस्थेच्या डेटाबेसमध्ये वाढदिवसांचा आलेख काढला, तर वर्षभर सपाट माळ आणि मधे दोन उंच सुळके. मुंबईहून आलेला सल्लागार तो आलेख पाहतो आणि डेटा बिघडल्याचे निदान करतो. त्याचे वडील १ जूनचेच असतात, पण ते त्याला त्या वेळी आठवत नाही.

सॉफ्टवेअरला मात्र शंका नसते. वाढदिवसाचा संदेश आपोआप पाठवण्याची सोय चालू असेल, तर १ जूनला सकाळी नऊ वाजता ते अख्ख्या पाड्याला उदंड आयुष्य चिंतते. आई आणि तिचा थोरला मुलगा एकाच तारखेचे निघतात, आणि कधीकधी दोघांच्या वयात अकराच वर्षांचे अंतर. त्या आईला विचारले तर ती सांगते, भाताची आवणी चालू होती, नदीला पाणी चढलेले, सुईण पलीकडच्या पाड्यावर अडकून पडली होती. एवढे सगळे तिला माहीत असते. रकाना दिवस, महिना, वर्ष अशा आठ आकड्यांचा आहे. त्यात ‘आवणी’ टाइप केले, की चौकट लाल होते.

तिसरी वही संदेशांची. इंग्रजीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे बसतात. देवनागरी आली की मर्यादा ७० वर येते, आणि तीही काना, मात्रा, हलन्त वेगवेगळे मोजून. ‘हरसूल’ पाचांत भागते; ‘त्र्यंबकेश्वर’ एकटे तेरा खाते. लसीकरणाची तारीख, वार, ठिकाण आणि ‘बाळाला घेऊन या’ एवढे लिहिले की एक एसएमएस संपून दुसऱ्याचा खर्च सुरू. शिवाय घाऊक संदेश पाठवणाऱ्या प्रत्येकाला दूरसंचार नियमांप्रमाणे आपले नाव, प्रेषकाची ओळख आणि मजकुराचा साचा आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो. नको असलेले कर्ज गळ्यात मारणारे संदेश थांबावेत म्हणून हा नियम आला; बाळाच्या लसीचा संदेशही त्याच रांगेत उभा राहतो. व्हॉट्सॲपवर व्यावसायिक खात्याचा निराळा कायदा: समोरच्याने लिहिल्यापासून २४ तासांत मोकळेपणी उत्तर द्या, नंतर फक्त मंजूर साचा. रेंजसाठी टेकाड चढावे लागणाऱ्या भागात २४ तास म्हणजे फार काही नव्हे. आणि तरी ही साधने कुचकामी म्हणता येत नाहीत. नाशिकचा सोशल नेटवर्किंग फोरम समाजमाध्यमांवर जमलेल्या लोकांतूनच उभा राहिला आणि त्याने पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागातल्या पाड्यांवर पाणी नेले.

या सॉफ्टवेअरची सर्वांत हुशार सोय म्हणजे नातेसंबंध. कोण कोणाचा मुलगा, कोण कोणाच्या संस्थेचा विश्वस्त, कोण कोणाकडे नोकरीला, हे त्यात जोडता येते. दिवाळीनंतर हरसूलकडचे पाडे ओस पडू लागतात. माणसे गिरणारे, दिंडोरी, निफाडकडे द्राक्षबागांत मजुरीला जातात. त्या काळात सर्वेक्षण निघाले तर घराला कुलूप दिसते आणि नोंद होते : ‘अनुपलब्ध’. ज्या बागेत ते कुटुंब राबत असते, तिचा मालक त्याच डेटाबेसमध्ये ‘आश्रयदाते’ या गटात असू शकतो. जोडणीची सोय तयार आहे, आणि ती जोडणी करावी असे सहसा कोणाला वाटत नाही.

अहवालाची वेळ आली की कार्यकर्ती मोबाइल घेऊन पाड्यावर जाते. ओटीवर बसते, पाणी पिते आणि विचारते, “मावशी, पूर्ण नाव सांगा.”

“मागं लिहून नेलंय की, ताई.”

“ते दुसऱ्या संस्थेचं. आमचं वेगळं.”

“आणि त्याच्या आधीचं?”

“ते सरकारचं.”

“त्याचं काय झालं?”

कार्यकर्ती मान खाली घालून फोटो काढायचे बटण शोधू लागते. इथे विनोद करायला जागा नाही. एकाच बाईचे वजन, हिमोग्लोबिन, जमीन, शौचालय आणि अंगठा निरनिराळ्या सर्व्हरांवर जाऊन बसतो. तिथून तो आलेखाच्या रूपाने पुण्या-मुंबईला पोचतो, दात्यांच्या बैठकीत पडद्यावर झळकतो, आणि त्या बाईला तिचे हिमोग्लोबिन किती होते हेसुद्धा कोणी परत येऊन सांगत नाही. देणगीदाराला पावती आणि आभारपत्र गेले नाही तर सॉफ्टवेअर आठवण करून देते. मावशीला उत्तर गेले नाही याची आठवण करून देणारी घंटा त्यात बसवता येते. ती बसवा असे दाता सांगत नाही, म्हणून कोणी बसवत नाही.

नोंदी भरणाऱ्यांनीही या प्रकाराला एकदा जाहीर उत्तर दिलेले आहे. पोषण ट्रॅकर हे सरकारी ॲप मार्च २०२१ मध्ये आले. ते तेव्हा इंग्रजीत, फोन जुने आणि कमी क्षमतेचे, नोंदी रोजच्या. त्याच वर्षी राज्यातल्या हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. वापरणाऱ्यांचा अभिप्राय मागवण्यासाठी कंपन्या लांबलचक प्रश्नावल्या करतात. इतका स्पष्ट अभिप्राय क्वचितच मिळत असेल.

उरला कायदा. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायद्याची चौकट अशी, की माहिती घेताना ती कशासाठी घेतली हे माणसाला सांगावे, आणि पुढे त्याने विचारले तर काय साठवले आहे ते दाखवावे, चुकले असेल तर दुरुस्त करावे. ही सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत मिळण्याची त्यात तरतूद आहे. त्या यादीत मराठी आहे. कोकणा आणि वारली नाहीत. तेव्हा ओटीवर बसून सूचना समजावून सांगण्याचे काम पुन्हा त्या ताईकडेच येणार. या सगळ्याला पैसेही लागतात, आणि सॉफ्टवेअरचा आणि नोंदी सांभाळणाऱ्यांचा खर्च बहुतेक संस्थांच्या जमाखर्चात ‘प्रशासकीय खर्च’ या सदरात जातो. परदेशी देणगीतून या सदरावर खर्च करण्याची मर्यादा त्या देणग्यांच्या कायद्याला २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीने ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. देशी देणगीदारांसाठी असा नियम नाही. ते स्वतःहूनच धनादेशासोबत चिठ्ठी जोडतात की ही रक्कम प्रशासनावर खर्च होऊ नये. ‘इतर’ गटातल्या प्रस्तुत देणगीदाराचीही तशी चिठ्ठी फाइलला लावलेली आहे.