ऊर्ध्वगामी वात आणि अधोगामी बटण

गणपतीची सोंड डावी की उजवी, हे ज्या पेणमध्ये मूर्तीची नोंदणी करतानाच ठरते, आणि उजव्या सोंडेचा देव सोवळ्याओवळ्याला कडक म्हणून सामान्य गृहस्थ निमूटपणे डाव्या सोंडेची मूर्ती घरी नेतो, त्याच पेणला खेटून असलेल्या रामवाडीत नवे घर बांधणारा इसम दिव्याचे बटण खाली दाबल्यावर लागावे की वर दाबल्यावर, हा प्रश्न सर्वस्वी वायरमनच्या मर्जीवर सोपवून मोकळा होतो, याचे आम्हांस फार दिवस नवल वाटत आले आहे.

वायरमन जाणता असला तर सारी बटणे खाली दाबताच चालू होतात. पण बहुधा तो स्वतः चहाला गेलेला असतो आणि पट्टी बसवण्याचे पुण्यकर्म त्याच्या हाताखालच्या पोऱ्याच्या पदरी पडते. मग सहा बटणांपैकी पाच शहाण्यासारखी वागतात आणि सहावे, म्हणजे हटकून पंख्याचे, उफराटे निघते. घरची गृहिणी त्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका देऊन ठेवते. पाहुण्यास ठिपक्याचा अर्थ ठाऊक नसतो, म्हणून तो एकामागून एक सगळी बटणे खालीवर करून पाहतो आणि अखेरीस देवघरातील दिवा घालवून पंख्यावाचूनच घाम पुसत बसतो. त्यातच लाईट गेलेली असली, तर कोणते बटण चालू राहिले आणि कोणते बंद झाले याचा निवाडा करण्यास प्रत्यक्ष रामशास्त्री आले तरी अंधारात चाचपडतील. मध्यरात्री लाईट परत येते तेव्हा माजघरापासून मोरीपर्यंत सर्व दिवे एकदम पेटून कुटुंबास निकाल कळवतात.

याविषयी जगात एकवाक्यता असेल म्हणावे, तर तीही नाही. खटक्यासरशी विद्युत्प्रवाह तोडणारे बटण 1884 साली इंग्लंडातील न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्स याने सिद्ध केले. सावकाश तुटणाऱ्या जोडातून ठिणगी पडते आणि धातू जळतो, म्हणून आत कमान घालून त्याने तो जोड क्षणार्धात तुटेल अशी तजवीज केली. मात्र साहेबाच्या देशात बटण खाली केल्यावर दिवा लागतो, अमेरिकेत वर केल्यावर लागतो, आणि आपण साहेबाचे मांडलिक असल्यामुळे त्याचा शिरस्ता, त्याच्या टपाल-तारेप्रमाणे, निमूट पुढे चालवला. न्यू जर्सीहून गणपतीला आलेला पुतण्या म्हणूनच काकांच्या ओसरीवर पहिला दिवस बटणांशी झुंजण्यात घालवतो आणि दुसऱ्या दिवशी ‘इंडियात सगळंच उलटं’ असा अभिप्राय देतो.

आता या पुतण्याचा पक्ष अगदीच निराधार आहे असे नव्हे. ऊर्ध्वपक्षाचे म्हणणे असे की, कंदिलाची चावी फिरवून वात वर सारली की उजेड वाढे आणि खाली ओढली की मंद होई, हे आजीच्या हाताला शतकभर पडलेले वळण विजेने अकारण मोडले. अधःपक्ष यावर भिऱ्याचा दाखला देतो. मुळशीच्या धरणाचे पाणी सह्याद्रीच्या माथ्यावरून नळांवाटे खाली कोसळते तेव्हा कुठे भिऱ्याच्या वीजगृहात 1927 पासून वीज निर्माण होते. सबब वीज ही जातीनेच अधोगामी असून बटणानेही तसेच असावे. (त्या धरणापायी मावळातल्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या मागे राहून सत्याग्रह केला, वीज गेली मुंबईला, आणि आमच्या जिल्ह्याच्या पदरी पडले ते वीज काढून घेतलेले, कुंडलिकेतून रोह्याकडे वाहणारे पाणी. पण हा मजकूर प्रस्तुत दाव्याबाहेरचा आहे.)

दोन्ही पक्षांची खरी फजिती होते ती मीटरशेजारच्या एमसीबीपाशी. ज्या घरात प्रत्येक बटण खाली केल्यावर चालू, त्याच घराचा एमसीबी मात्र खटका वर केल्यावर चालू आणि खाली पडल्यावर बंद! एकाच छताखाली साहेबाचा अंमल बैठकीच्या खोलीत आणि पुतण्याचा अंमल दारामागे, अशी ही दुहेरी राज्यव्यवस्था आम्ही बिनतक्रार सोसतो. जिन्याचे टू-वे बटण तर कोणाचेच ताबेदार नाही. वरच्या मजल्यावर कोणी खटका बदलला की खालच्या बटणाचा अर्थ त्याच्या अपरोक्ष पालटतो.

मग सरकारने एक फर्मान काढावे, असे कोणी सुचवील. वीज कंपनीच्या दप्तरी अर्ज करावा तर तिची जबाबदारी मीटरपाशी संपते. शासनाने समिती नेमावी म्हणावे, तर रामवाडीवरून जाणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण 2011 साली सुरू होऊन दशकाहून अधिक काळ रखडलेले आम्ही या डोळ्यांनी पाहिले आहे. बटणाच्या दिशेचा अहवाल येईपर्यंत बटणेच नामशेष होतील.

शिवाय या समितीपुढे कोणीच मांडणार नाही असा एक मुद्दा शिल्लक राहतो. बटण वर असो वा खाली, त्याने तोडायची असते ती फेजची तार. न्यूट्रलमध्ये एकेरी बटण घालू नये, हे 1956 च्या भारतीय विद्युत नियमांतच सांगितलेले होते. पोऱ्याने तारा अदलाबदल केल्या तरी दिवा तसाच लागतो आणि तसाच विझतो, त्यामुळे मालक संतुष्ट, वायरमन संतुष्ट. पण विझलेल्या दिव्याच्या होल्डरात फेज जिवंत राहतो आणि स्टुलावर चढून बल्ब बदलणाऱ्याची वाट पाहतो. उफराट्या बटणाबद्दल तावातावाने भांडणाऱ्या गृहस्थास आम्ही या तारेविषयी पुसले, की तो ‘ते वायरमन बघतो’ असे म्हणून पुन्हा नेलपॉलिशच्या ठिपक्याकडे वळतो.

आमचा निकाल असा: खाली म्हणजे चालू हा चालत आलेला शिरस्ता आहे, त्याला न्यायाचा आधार नसला तरी वहिवाटीचा आहे, तोच कायम ठेवावा आणि पंख्याचे बटण सरळ करून घ्यावे. आणि त्यासाठी वायरमन घरी आलाच आहे, तर चहा देण्यापूर्वी त्याच्याच टेस्टरने बटण बंद असता होल्डरात फेज उरतो की नाही, हे त्याच्याकडून पाहून घ्यावे.