टायर ट्रॅक्टरचा, भार मुळीवर

द्राक्षबागेतल्या छोट्या ट्रॅक्टरचे टायर गुळगुळीत झाले की बागायतदार दुकानात जाऊन एकच गोष्ट विचारतो: पकड कुठल्याची चांगली? विचारायलाच हवं. पण तो टायर ज्या जमिनीवरून फिरणार तिच्याबद्दल कोणी अक्षर काढत नाही. चाकाखाली पांढरी मुळी आहे. टायर बदलताना पहिला विचार तिचा व्हायला हवा, आणि तो होत नाही, हे माझं स्पष्ट म्हणणं आहे.

नाशिक-सांगलीकडचा ऑक्टोबर आठवा. गोडी छाटणी झालेली, परतीचा पाऊस रेंगाळलेला, पानावर डावणी टपलेली. वाफसा येईपर्यंत थांबावं तर घड हातचे जातात. मग ओल्या काळ्या जमिनीत ब्लोअर घालावाच लागतो. दोन ओळींत नऊ-दहा फूट अंतर, त्यात बोद आणि ठिबकच्या नळ्या. चाकाला दुसरी वाटच नाही. छाटणीपासून काढणीपर्यंत तोच चाकोरीचा पट्टा पुन्हा पुन्हा दाबला जातो. उन्हाळ्यात तिथे पहार आपटली की खणकन आवाज येतो, आणि आपण म्हणतो, यंदा वेलीला जोर नाही.

ट्रॅक्टरला रबर लागलं त्यात बागायतदारांचाच मोठा हात आहे. अमेरिकेतल्या फ्लोरिडात १९२०च्या दशकात संत्र्याच्या बागांमध्ये लोखंडी चाकांचे दात झाडांची मुळं तोडत होते. म्हणून तिथल्या लोकांनी चाकांवर ट्रकचे जुने टायर चढवून पाहिले. पुढे १९३२ साली अ‍ॅलिस-चाल्मर्स कंपनीने फायरस्टोनचे कमी दाबाचे हवेचे टायर लावून आपला मॉडेल यू ट्रॅक्टर बाजारात आणला. ‘कमी दाबाचे’ हे दोन शब्द नीट वाचा. मुळं वाचवायला आलेल्या त्या टायरमध्ये आज आपण ट्रकसारखी हवा ठासतो.

हवेच्या दुकानात ट्रॅक्टर उभा केला की पोरगा विचारतो, "किती पौंड?" आणि उत्तर ठरलेलं: "कडक कर." तीस, पस्तीस, जे येईल ते. जमिनीच्या वरच्या थरावर जो दाब पडतो तो साधारणपणे टायरमधल्या हवेच्या दाबाएवढा असतो. खाली, फूट-दीड फुटावर काय होतं ते मात्र त्या धुरेवर एकूण किती वजन आहे यावर ठरतं. म्हणजे वरची मुळी हवेने दबते आणि खालची वजनाने. दोन्ही गोष्टी तुमच्या हातात आहेत. छोट्या ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला बागेतल्या कामासाठी बहुधा बारा ते सोळा पौंड पुरतात. नेमका आकडा टायर कंपनीच्या भार-दाबाच्या तक्त्यात असतो, तो मागून घ्या. त्याच्या खालीही जाऊ नका. हवा फार कमी झाली की टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळापासून उपटतो. ट्रॉली भरून डांबरी रस्त्याने जायचं असेल तर हवा वाढवा, पण बागेत शिरण्याआधी ती पुन्हा उतरवायला हवी. हा कंटाळा परवडणारा नाही.

आता पाणी. मोठ्या ट्रॅक्टरला नांगराच्या ओढीसाठी मागच्या टायरमध्ये पाणी भरतात, ते योग्यच आहे. ती सवय पंधरा-वीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरवर आपण डोळे मिटून चढवली. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. जेवढे लिटर भरलेत तेवढे किलो त्या ओल्या पट्ट्यावरून प्रत्येक फवारणीला फिरवणार आहात. ओढायचं काय, तर चाकांवर चालणारा ब्लोअर! त्याला एवढी ओढ लागतच नाही.

याहून मोठी गफलत पाठीवर उचललेल्या टाकीची. तीन सांध्यांवर भरलेली टाकी टांगली की ट्रॅक्टरचं नाक हलकं होतं आणि स्टिअरिंग ऐकत नाही. यावर इलाज म्हणून मागच्या टायरमध्ये पाणी भरणारे लोक आहेत. मागच्या धुरेवर ठेवलेलं वजन नाकाला खाली कसं आणणार? पुढच्या बंपरवर लोखंडी वजनं लावा. ती लागतात तेव्हा चढवता येतात आणि काम झालं की उतरवता येतात. उतारावर तोंड उचललेला ट्रॅक्टर माणूस मारतो, म्हणून इथे आवाज चढवून सांगतो आहे.

उन्हाळ्यात कोरड्या जमिनीत खोल मशागत करायची आहे, चाकं जागीच फिरतात, पाणी भरणं भाग आहे, तर निदान रीतसर भरा. चाक उचलून घ्यायचं, व्हॉल्व्ह अगदी वर आणायचा, पिन काढायची, पाणी व्हॉल्व्हच्या पातळीला आलं की थांबायचं. तेव्हा टायर साधारण पाऊण भरलेला असतो. उरलेल्या जागेत हवा हवीच. पाणी दबत नाही, उशीचं काम ती हवाच करते. गच्च भरलेला टायर प्रत्येक दणका रिमला आणि चालवणाऱ्याच्या मणक्याला देतो. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड घालतात. व्हिडिओ पाहून इथे ते घालू नका, आपल्याकडे टायरमधलं पाणी गोठत नाही आणि गळती लागली की ते रिम खातं. फोम भरून टायर कायमचा पंक्चरमुक्त करून देऊ, असंही कोणी सांगेल. त्यात हवा कमी-जास्त करायची सोयच संपते, बागेत त्याचं काम नाही.

खरेदीकडे येतो. टायरवर ८.३-२० लिहिलं असेल तर रुंदी ८.३ इंच आणि रिम २० इंची. ‘पीआर’पुढचा आकडा टायरची भार सोसण्याची ताकद सांगतो, आतले थर मोजून दाखवत नाही. बागेत उगाच जास्त पीआरचा टायर घेतला की बाजू ताठ राहतात आणि कमी हवेतही टायर हवा तसा पसरत नाही. रुंद टायर जमिनीला चांगला, पण तुमच्या रिमला बसत असेल आणि ठिबकच्या नळीवर चढत नसेल तरच. भातखाचरासाठी केलेला खोल नक्षीचा टायर चिखलात पकडतो खरा, पण वळणावर जमीन उकरून काढतो. तो भाताच्या चिखलणीला राहू द्या. बाजूच्या भिंतीवर चार आकडे छापलेले असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. गोदामात वर्षानुवर्षं पडलेलं रबर नव्याच्या भावाने का घ्यायचं?

चारचाकी ओढीचा ट्रॅक्टर असेल तर एकच जोडी बदलताना दहादा विचार करा. पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित, थोड्याच टक्क्यांनी, जास्त धावतील असं गिअरचं गणित कारखान्यात पक्कं केलेलं असतं. तुम्ही मागे वेगळ्या घेराचा टायर बसवला की पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात. टायर घासतात, जमीन खरवडली जाते, गिअरमध्ये ताण साठतो आणि शेवटी बिल येतं ते टायरच्या कितीतरी पट. आकडा तोच असला तरी दोन कंपन्यांच्या टायरचा घेर सारखाच असेल असं समजू नका. चाकावर खडूने खूण करा, ट्रॅक्टर सपाटीवर चाकाच्या एका फेऱ्याइतका पुढे घ्या, अंतर टेपने मोजा. पुढच्या-मागच्या घेराचं कंपनीने दिलेलं प्रमाण जुळत नसेल तर तो टायर परत.

याच घेराचा फवारणीशी थेट संबंध आहे आणि त्याबद्दल फारच कमी बोललं जातं. पीटीओचे फेरे तेच, नोझलमधून मिनिटाला पडणारं औषध तेच, पण टायर मोठा झाला की त्याच गिअरमध्ये ट्रॅक्टर जास्त पळतो. एकरी औषध कमी पडतं आणि डावणी सुटते. टायर लहान झाला तर उलट, औषध जास्त पडतं, आणि युरोपला जाणाऱ्या मालाच्या अंशांचा अहवाल कोणाचीही गय करत नाही. नवे टायर बसवले की शंभर फुटांना किती सेकंद लागतात ते मोजून ब्लोअरचं गणित पुन्हा मांडा.

छोटे ट्रॅक्टर विकणाऱ्यांकडे माझी एक मागणी आहे. गाडीच्या चावीबरोबर भार आणि हवेचा तक्ता मराठीत छापून द्या. आणि सोबत कमी दाब दाखवणारं गेज द्या. हवेच्या दुकानातलं ट्रकचं गेज चौदा पौंडांवर धड वाचताच येत नाही. बागायतदाराने सकाळी टायर गार असताना मापायचं म्हटलं, तरी मापणार कशाने?