शनिवारचा रेट

अष्टागरात मे महिन्यात रिकामा माणूस सापडणं कठीण. आवास-किहीमपासून रेवदंड्यापर्यंत ज्याच्याकडे वाडी आहे त्याच्याकडे खोल्या आहेत, ज्याच्याकडे खोल्या नाहीत त्याच्याकडे बनाना बोट आहे, आणि ज्याच्याकडे यातलं काहीच नाही तो घरासमोरचं अंगण झाडून तिथे पार्किंगची पाटी लावतो. नेमक्या याच महिन्यात सहकुटुंब परदेशी जायचं, असं नागावच्या आमच्या भाऊंनी होळीच्या सुमारास जाहीर केलं. वहिनींनी एवढंच विचारलं, "आणि खोल्यांच्या चाव्या काय मांजराकडे देऊ?"

ठिकाण ठरलं फुकेत. नारळाची झाडं, वाळू, समुद्र, पाण्यावरचे खेळ आणि ताजी मासळी यांसाठी माणसाने नागाव सोडून फुकेतला जावं यात वावगं काही नाही. दादर-ठाण्याची माणसं याच गोष्टींसाठी नागावला येतात. शिवाय थायलंडने 2023 च्या नोव्हेंबरात भारतीयांना व्हिसा माफ केला. युरोपात जायचं तर शेंगेन व्हिसाचे मोठ्या माणसामागे 90 युरो, आणि व्हिसा नाकारला तरी ते परत नाहीत. भाऊंनी हे आजींना "अॅडव्हान्स जप्त" अशा आपल्या धंद्याच्या भाषेत सांगितलं आणि युरोपचा विषय तिथेच मिटला.

भाऊंच्या कुटुंबाला आजवर प्रवास माहीत होता तो एसटीचा. एसटीच्या हिशेबात कुटुंबाला किंमत आहे. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजी 2022 पासून फुकट, वहिनींना 2023 पासून अर्धं तिकीट, दहा आणि आठ वर्षांची दोन्ही पोरं अर्ध्यात. म्हणजे पाच माणसांचं बिऱ्हाड अडीच तिकिटांत अलिबागहून पनवेलला पोचतं, आणि पूर्ण तिकीट भरल्याचा मान एकट्या भाऊंना मिळतो. हे गणित पक्कं बसलेल्या घरात विमानाचं गणित शिरलं. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर घेतलंत तर थोडक्यात सुटाल. दोन पूर्ण झाली की त्याला स्वतःची खुर्ची. दोन ते अकरा वयाला काही मोठ्या कंपन्या थोडीफार सूट देतात, स्वस्तातल्या म्हणवणाऱ्या कंपन्या बहुतेक वेळा तेवढीही देत नाहीत. पाच माणसं, पाच तिकिटं. आजींनी पिशवीतून आधार कार्ड काढून पुढे केलं. "अरे, अमृत योजना आहे म्हणून सांग त्यांना." ती महाराष्ट्राच्या हद्दीबाहेर चालत नाही असं कळल्यावर त्या म्हणाल्या, "मग कसली अमृत!" आणि वालाच्या शेंगा सोलायला आत निघून गेल्या.

विमानातल्या मागच्या खुर्च्या दिसायला सगळ्या सारख्या. गुडघे सगळ्यांचेच दुखतात. पण कंपनीच्या संगणकात त्यांचे कप्पे पाडलेले असतात. प्रत्येक कप्प्याला एक इंग्रजी अक्षर आणि वेगळा दर. सगळ्यात स्वस्त कप्प्यात मोजक्या जागा, त्या गेल्या की पुढचा कप्पा उघडतो. इथवर कुणालाही कळेल. खरी गंमत कुटुंबवत्सल माणसासाठी राखून ठेवलेली आहे. स्वस्त कप्प्यात तीनच जागा उरल्या आहेत आणि तुम्ही पाच मागितल्यात, तर तीन स्वस्त आणि दोन महाग असा समजूतदारपणा संगणक सहसा दाखवत नाही. तो पाचही जागा वरच्या दराने दाखवतो. तुमच्यामागून आलेला सडाफटिंग मात्र त्याच स्वस्त जागेवर बसून जातो. लोकसंख्या आवरण्यासाठी सरकारने इतकी वर्षं त्रिकोण रंगवले, त्यापेक्षा हे परिणामकारक दिसतं.

पुण्यात आयटीत असलेल्या भाच्याने यावर तोडगा सांगितला. "मामा, तीन आणि दोन अशी वेगवेगळी तिकिटं काढा." त्या पोराला अनुभव नाही. कोकणात वाटणीची गोष्ट निघाली की आधी आवाज चढतो आणि मग कोर्टाची तारीख पडते. स्वस्तातले तीन कोण आणि महागातले दोन कोण? वहिनींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मी स्वस्तातली का?" आजींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मी कुणाला महाग पडायची नाही, मी घरीच राहते." त्यात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने 2024 च्या एप्रिलमध्ये कंपन्यांना बजावलेलं, की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच तिकिटावरच्या आईबापांपैकी एकाच्या तरी शेजारी बसवा. म्हणजे पोरं कुणाच्या तिकिटावर, हा दुसरा वाद. नवरा-बायकोला शेजारी बसवण्याबद्दल मात्र महासंचालनालयाने काही म्हटलेलं नाही. हवी ती जागा निवडायचे पैसे वेगळे. ते भरायची तयारी भाऊंनी दाखवली नाही, आणि वहिनींनी तर अजिबातच नाही.

मग जागरणं सुरू झाली. मंगळवारी मध्यरात्री तिकीट स्वस्त असतं, असं कुणीतरी सांगितलं. मोबाइलला आपली ओळख न देता गुपचूप बघितलं की दर कमी दिसतो, असं दुसऱ्याने सांगितलं. ही शास्त्रं हल्ली पंचांगापेक्षा जास्त मानली जातात. घरातले सगळे मोबाइल एकाच विमानावर रोखलेले, आणि 'सध्या अनेक जण ही जागा पाहत आहेत' अशी सूचना झळकली की भाऊंच्या पोटात गोळा. ते अनेक जण माजघरातच सतरंजीवर बसलेले होते.

"लूट आहे ही, शुद्ध लूट!" एका शनिवारी दुपारी भाऊ माझ्यासमोर कडाडले. "तेच विमान, तीच खुर्ची, तेच पेट्रोल. फेब्रुवारीत एक भाव आणि मेमध्ये दुप्पट? पोरांना सुट्टी लागली म्हणून? माणसाच्या गरजेचा..."

इतक्यात फोन वाजला. ठाण्याची पार्टी होती.

"हो, एसी रूम आहे. शनिवारचे पाच हजार. अडीच? ते मंगळवारचं बघितलंत तुम्ही. मे महिन्यात सीझनचा रेट असतो ना, ताई. मुलं किती वर्षांची? नाही, पाचच्या वर फुल. जेवण डोक्यामागे वेगळं. एक्स्ट्रा बेडचे पाचशे. चेक-आउट सकाळी दहा. कमी नाही होणार हो, शेवटची एकच रूम राहिलीय, आणखी दोन पार्ट्या लाइनीत आहेत. दहा मिनिटांत अॅडव्हान्स टाका, नाहीतर मग माझ्या हातात नाही."

माडीवरच्या तीन खोल्यांची दारं वाऱ्याने वाजत होती. भाऊंनी फोन ठेवला आणि वाक्य जिथे तुटलं होतं तिथूनच उचललं, "...गरजेचा फायदा घेणं हा काय धंदा झाला?"

मी त्यांना जरा सरकारी माहिती दिली. 1994 मध्ये एअर कॉर्पोरेशन्स कायदा रद्द झाला, तेव्हापासून भाडं ठरवणं कंपन्यांच्याच हाती आहे. फारच ओरड झाली तर सरकार मध्ये पडतं. 2025 च्या डिसेंबरात एका मोठ्या कंपनीची उड्डाणं धडाधड रद्द झाली, बाकीच्यांनी दर आभाळाला नेले, तेव्हा सरकारने मर्यादा घातली: 500 किलोमीटरपर्यंत साडेसात हजार, 1500 च्या पुढे अठरा हजार. तीही फक्त देशातल्या उड्डाणांना आणि तात्पुरती.

"असंच पाहिजे!" भाऊ खूश. "कायमचं करायला हवं."

"मग उद्या कलेक्टरांनी नागावच्या खोल्यांना शनिवारची मर्यादा घातली तर?"

भाऊंनी माझ्याकडे मी त्यांची वाडी मागितल्यासारखं पाहिलं. "ते कसं शक्य आहे? पावसाळ्यात चार महिने रूम ओस पडतात, त्याचे पैसे कलेक्टर देणार का? लाइट बिल आहे, बायका कामाला आहेत. सीझनला दोन पैसे मिळवले नाहीत तर खायचं काय?"

विमान कंपनीचा माणूस तिथे असता तर त्याने भाऊंच्या पायाला हात लावला असता. शब्द न शब्द त्याचाच युक्तिवाद. फरक इतकाच, की कंपनीकडे संगणक आहे आणि भाऊंकडे कालनिर्णय. पण जानेवारीत नवं कालनिर्णय आलं की शुक्रवार-सोमवारला चिकटून आलेल्या सुट्ट्यांवर भाऊ लाल पेनाने जे गोल काढतात, ते पाहून कुठल्याही संगणकाने शिकावं.

मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनकडे हा मामला हौसेचा नाही. तिथल्या कितीतरी घरांतला कर्ता माणूस कुवेत, कतार, दुबईला आहे. आपल्या शाळांची मोठी सुट्टी मेची, आखातातल्या शाळांची जुलै-ऑगस्टची. बायको-पोरं इथून तिकडे जायची तर मेमध्ये दर चढलेले. तिकडचं बिऱ्हाड इकडे यायचं तर जूनअखेर चढलेले, आणि परत जाताना ऑगस्टअखेर पुन्हा. त्यात ईद आली की विचारूच नका. भाऊ रुसून फुकेत रद्द करू शकतात. वर्षातून एकदा बापाचं तोंड बघणाऱ्या पोराला 'ऑफ सीझनला बघू' असं कुणी सांगावं? संगणकाला हा भेद कळत नाही, किंवा फार चांगला कळतो. त्याच्या लेखी दोघंही एकच: शाळेच्या सुट्टीला बांधलेले, कुरकुर करतील आणि पैसे भरतील.

या किनाऱ्याला परदेशप्रवासाच्या खर्चाचा अनुभव तसा जुना. अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी 1469 मध्ये चौलला उतरला. रेवदंड्यात शाळेच्या आवारात त्याचं स्मारक आहे, पर्यटक त्याला पाठ लावून सेल्फी काढतात. हा गृहस्थ होर्मुझहून सोबत घोडा घेऊन आला होता. इथे विकून खर्च भागवू, असा हिशेब. जुन्नरच्या खानाने घोडाच जप्त केला आणि धर्म बदल म्हणजे परत देतो म्हणाला. मध्यस्थी झाली, घोडा सुटला. हे सगळं त्याने लिहून ठेवलं. मला तरी ही आपल्या भागातली, सामान अडवल्याची पहिली लेखी तक्रार वाटते. वहिनी सात किलोच्या हँडबॅगेत सुके बोंबील कोंबत होत्या तेव्हा मी त्यांना ही गोष्ट सांगितली. त्यांनी घोड्याची चौकशी केली नाही, पण बोंबील बाहेर काढले.

आता विमानतळही आपल्या जिल्ह्यात आला आहे. 8 ऑक्टोबर 2025 ला उद्घाटन, 25 डिसेंबरला पहिली उड्डाणं. तालुका पनवेल, जिल्हा रायगड, आणि नाव नवी मुंबई. बारशाला मुंबई पुढे असते, हे आपल्याला नवीन नाही. सुरुवात देशांतर्गत उड्डाणांनी झाली, त्यामुळे भाऊंना हवं ते विमान तिथून मिळेना. सहारला जाणं आलं. अखेर भाच्याला मे महिन्यातलं एक परवडणारं तिकीट सापडलं, रविवारी मध्यरात्रीचं. घरात आनंदीआनंद झाला, तो वहिनींनी नकाशा डोळ्यांसमोर आणेपर्यंत.

"रविवारी संध्याकाळी वडखळला काय असतं ते माहितीये ना?"

सगळ्यांना माहीत होतं. दहाला चेक-आउट करून, दुपारी पोटभर सुरमई थाळी खाऊन, शेवटची डुबकी मारून अलिबागहून निघालेली मुंबई वडखळच्या नाक्यावर ताटकळत असते. भाऊंचं विमान भाऊंच्याच गिऱ्हाइकांनी चुकवलं असतं.

शिवाय एक साधी गोष्ट एव्हाना सगळ्यांच्या लक्षात आली होती. मेमध्ये जायचं तर तिकिटाचे दुप्पट पैसे तर जाणारच, वर महिनाभराची कमाई बुडणार. गिऱ्हाइकाकडून शनिवारचा रेट घेणारा माणूस शनिवारी गिऱ्हाईक होऊच शकत नाही. दिवाळीत पुन्हा सीझन, नाताळात पुन्हा सीझन. उरला जून. जूनच्या मध्याला शाळा उघडतात आणि आठवडाभरात तिकिटं जमिनीवर येतात. इतक्या वर्षांत शिक्षण खात्याला विमान कंपन्यांनी एखादा हार घालायला हरकत नव्हती. वहिनींनी रजेचा अर्ज लिहिला: 'आजींची प्रकृती बरी नसल्याने मुले शाळेत येऊ शकणार नाहीत.' आजींनी अर्ज ऐकला, खाली सही कुणाची आहे ते विचारलं, आणि नव्या चपला घालून बघायला गेल्या.

गेटवेच्या बोटी पावसाळ्यासाठी बंद झालेल्या. मांडव्याहून रो-रो चालू होती, तिच्यात गाडी चढवून मंडळी भाऊच्या धक्क्याला उतरली आणि तिथून सहार. विमानात भाऊ पुढच्या रांगेत, वहिनी पोरांबरोबर मागे, आजी तिसरीकडेच खिडकीला. तिघंही समाधानी होते.

तिकीट स्वस्त का होतं, ते फुकेतला उतरल्यावर कळलं. फुकेत अंदमान समुद्राच्या काठावर आहे, आणि नैऋत्य मान्सून अंदमानला आपल्या कितीतरी आधी पोचतो. पाऊस धो धो. किनाऱ्यावर लाल झेंडे, पाण्यात उतरायला बंदी, हॉटेल अर्धं रिकामं. बाहेर नारळाच्या झावळ्या वाऱ्याने फाटलेल्या. "आपल्याच वाडीत आल्यासारखं वाटतंय," आजी म्हणाल्या. ही तक्रार होती की कौतुक, ते कुणाला विचारायचं सुचलं नाही.

भाऊ काउंटरवर गेले. ऑफ सीझन आहे, गिऱ्हाईक नाही, रेट कमी करा, दोन्ही पोरं लहान आहेत, त्यांचे पैसे कसले लावता, असं त्यांनी हातवारे आणि इंग्रजी यांच्या मदतीने पंधरा मिनिटं समजावलं. मालकाने रूमचा रेट थोडा उतरवला, नाश्ता फुकट दिला. एक्स्ट्रा बेडचे पैसे मात्र तो सोडायला तयार होईना. वहिनी पुढे सरसावल्या, तर भाऊंनीच त्यांना थांबवलं.

"ते बरोबर आहे त्याचं. गादी धुवायला लागते."