पडवीला वॅट किती?

कोकणात घर बांधायला काढलं की पडवीबद्दल सल्ला द्यायला अख्खा वाडा येतो, पण तो सल्ला पत्रा की कौलं इथपर्यंतच असतो. दिव्यांची पाळी येते ती अगदी शेवटी. तोवर पैसे संपलेले असतात, रंगारी खोळंबलेला असतो आणि वायरमन होल कटर हातात घेऊन स्टुलावरून विचारतो, "काका, भोकं किती पाडू?"

रत्नागिरीजवळच्या एका घरात हा प्रश्न भाऊंना विचारला गेला. भाऊ बँकेतून निवृत्त झालेले, तेव्हा आकड्याशिवाय उत्तर देणं त्यांच्या जिवावर येतं. पडवी वीस बाय दहा फुटांची. उंची घराच्या बाजूला दहा फूट, अंगणाकडे आठ. वर पत्रा, त्याखाली पीव्हीसीचं सीलिंग, एका टोकाला झोपाळा आणि मागे बिनगिलाव्याची जांभ्याची भिंत. त्यांनी पुण्यातल्या चिरंजीवांना कामाला लावलं. चिरंजीव शनिवारी विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत शिरले. तिथल्या दुकानात भरदुपारी शंभरेक दिवे एकाच वेळी जळत होते. अशा ठिकाणी कुठलाही दिवा मंदच वाटणार. दुकानदाराने पडवीचं माप ऐकलं आणि क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "बारा-बारा वॅटचे बारा टाका. लख्ख होईल."

भाऊंनी फोनवरच हिशेब मांडला. बारा बारे १४४ वॅट. एका वॅटला ९० ल्यूमेन धरले तर जवळजवळ तेरा हजार ल्यूमेन. पडवीचं क्षेत्रफळ साडेअठरा चौरस मीटर. इकडेतिकडे वाया जाणारा उजेड सोडला तरी चौरस मीटरला पाचशेच्या आसपास ल्यूमेन, म्हणजे पाचशे लक्स उरतात. ऑफिसात लेजर लिहायला एवढा उजेड देतात. पौर्णिमेचं चांदणं पाव लक्सच्या आसपास असतं आणि त्यात माणसं अंगणात बसून पहाटेपर्यंत गजाली करतात. "मला पडवीत बॅलन्स शीट टॅली करायची नाहीये," भाऊ म्हणाले आणि फोन ठेवला.

दुकानदाराचाही फार दोष नाही. आपल्याकडे दिवा अजून वॅटवरच विकला जातो. साठाचा बल्ब स्वयंपाकघरात, शंभराचा हॉलमध्ये, झिरोचा देवाजवळ, ही विभागणी तीन पिढ्यांच्या हाडीमाशी मुरलेली. पण वॅट म्हणजे खाल्लेली वीज, दिलेला उजेड नव्हे. साठाचा पिवळा बल्ब आठशेच्या आसपास ल्यूमेन द्यायचा. तेवढेच आज नऊ वॅटचा एलईडी देतो. २०१५च्या जानेवारीत सुरू झालेल्या उजाला योजनेतून हे नऊ वॅटवाले घरोघर पोचले. सरकारी खरेदीत २०१४ साली एका बल्बला ३१० रुपये पडत होते, ते २०१६मध्ये ३८वर आले. दिवा स्वस्त झाला की माणूस तो काटकसरीने लावील, ही अपेक्षा फोल ठरली. वाचलेल्या पैशांत आपण आणखी दिवे आणले.

मग रंगाचा वाद निघाला. भाऊंना हवा होता ६५०० केल्विनचा पांढरा, कारण बँकेत तोच होता. त्यांच्या पत्नीला, म्हणजे वहिनींना, पिवळसर हवा होता. केल्विनची गंमत अशी की आकडा जितका मोठा तितका उजेड थंड दिसतो, आणि मेणबत्तीचा ऊबदार उजेड दोन हजारांच्या आत येतो. भाऊ खात्यात जमा असलेली रक्कम कमी झाल्यासारखे या आकड्याकडे बघत राहिले. वहिनींनी शास्त्रात न शिरता प्रयोगच केला. एकाच सोलकढीच्या दोन वाट्या, एक ६५००च्या स्वस्त दिव्याखाली, दुसरी ३००० केल्विनच्या आणि रंगदर्शन नव्वदीच्या वर असलेल्या दिव्याखाली. पहिलीतली कढी आजारी दिसत होती. खोक्यावर सीआरआय म्हणून छापलेला आकडा या रंगदर्शनाचाच. तो ऐंशीच्या खाली असेल तर लाल रंगाचे हाल होतात. जांभ्याचेही झाले. तांबूस चिरा एकदम राखेच्या वळणावर गेला.

चिरंजीवांनी मध्यममार्ग म्हणून 'थ्री इन वन' सुचवला. त्यात बटण पटकन बंद-चालू केलं की रंग बदलतो. वायरमन हसला. गावात वीज झटकन जाऊन येते तेव्हाही रंग बदलतो, आणि सगळे दिवे एकमताने बदलतील याची हमी नसते. पलीकडच्या आळीत एका घरी दोन दिवे पिवळे, एक पांढरा, एक अधलामधला असा संसार चालू आहे, असं त्याने सांगितलं.

निकाल लागला तो किड्यांमुळे. पहिल्या पावसानंतर वाळवीला पंख फुटतात, तेव्हा पांढऱ्या दिव्याखाली ताट मांडणं म्हणजे भाताबरोबर काय काय खावं लागेल ते सांगता येत नाही. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. निळ्या चिपवर पिवळसर लेप देऊन तो पांढरा केलेला असतो. या निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. ६५००मध्ये ही निळाई जास्त राहते आणि किड्यांच्या डोळ्यांना नेमकी तीच जास्त दिसते. २७०० ते ३००० केल्विनला किडे येतच नाहीत असं नाही, पण पंगतीऐवजी चार पाहुणे येतात. ते दिव्यावर प्रेमाने झेपावतात ही कवींची समजूत मात्र आता सोडायला हवी. २०२४ साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आलेल्या अभ्यासात वेगवान कॅमेऱ्यांनी दिसलं ते असं: उडता किडा आपली पाठ उजेडाकडे ठेवू बघतो, कारण उजेड म्हणजे वर आकाश हे त्याचं जुनं गणित. दिवा आडवा आला की हे गणित चुकतं आणि बिचारा घिरट्या घालत बसतो. पडवीतल्या पाली हा अभ्यास न वाचताच दिव्यापासून वीतभर अंतरावर दबा धरून असतात.

उरला कोनाचा प्रश्न. स्पॉटलाइट म्हटलं की बरेचदा २४ अंशांचा झोत हातात येतो. नऊ फुटांवरून तो जमिनीवर चार फुटांना किंचित कमी एवढं वर्तुळ पाडतो. ३६ अंशांचा सहा फुटांचं. वायरमनने शहाणपणा केला. भोक पाडण्याआधी रात्री एक दिवा लोंबत्या वायरीला जोडला, भाऊंना झोपाळ्यावर बसवलं आणि दिवा त्यांच्या डोक्यावर धरला. डोळ्यांच्या जागी दोन खाचा, नाकाची सावली थेट हनुवटीवर. "अहो, उठा तिथून," वहिनी म्हणाल्या. शिवाय झोपाळ्यावर मान मागे टाकली की दिवा सरळ डोळ्यांत. तेव्हा झोपाळ्यावरचा दिवा रद्द झाला. त्याऐवजी भिंतीपासून अर्ध्या फुटावर दोन दिवे आले, खाली तोंड करून. त्यांचा उजेड जांभ्यावरून घसरत उतरतो आणि चिऱ्याचं प्रत्येक भोक उठून दिसतं. हीच युक्ती गिलाव्याच्या भिंतीला करू नये. गवंड्याची सगळी पापं एका रात्रीत उघडी पडतात.

बाकी मोकळ्या जागेत ३६ अंशांचे तीन. सात वॅटचे एकूण पाच दिवे, म्हणजे ३५ वॅट.

पावसाचं काय? खोक्यावर आयपीचे दोन आकडे असतात, पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. छपराखाली आतल्या बाजूला आयपी ४४ पुरतो. पण कोकणातला पाऊस आडवा येतो, म्हणून पागोळ्यांच्या बाजूचे दिवे ६५चे घेतले. हा आकडा गंजाबद्दल चकार शब्द काढत नाही, आणि खाऱ्या वाऱ्याला आयपी वाचता येत नाही. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे हवेत हे वायरमनने स्वतःहून सांगितलं.

खोक्यावर आयुष्य ५०,००० तास छापलेलं होतं. रोज पाच तास धरले तर सत्तावीस वर्षं. भाऊंनी त्यात आपलं वय मिळवून पाहिलं आणि गप्प बसले. वायरमनने दिलासा दिला, "भाऊ, दिवा टिकतो हो, ड्रायव्हर मरतो." दिव्याला लागेल तशी वीज पुरवणाऱ्या या ड्रायव्हरच्या डबीतल्या कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंश उष्णतेमागे साधारण निम्मं होतं, आणि लोक ती डबी नेमकी मे महिन्यातल्या तापलेल्या पत्र्याखाली कोंबतात. या पाच डब्या आता घरातल्या लॉफ्टवर रांगेत बसल्या आहेत, जोडीला दोन जादा.

गणपतीत पुतण्या मुंबईहून आला. पडवीत पाऊल टाकताच "काका, अंधार किती!" म्हणाला आणि आठ रंगांत लुकलुकणारी पन्नास फुटी माळ खांबाखांबांवरून फिरवली. तिचा अडॅप्टर पागोळ्यांच्या रेघेत उघडाच लोंबत होता. त्याच्यावर आयपीचा आकडा कुठे छापलाय ते बघायला भाऊ चष्मा लावून स्टुलावर चढले, आणि खालून वहिनी, "अहो, आधी बटण बंद करा!"