सभासदांचे मत कसे विचारावे: हौसिंग सोसायटीच्या सेक्रेटरींसाठी मार्गदर्शन

नियम १. आधी उत्तर ठरवावे, मग प्रश्न लिहावा. ‘गळक्या टाकीमुळे लहान मुलांच्या जिवाशी खेळ व्हावा, असे आपणांस वाटते काय?’ असा कागद दाराखालून सरकला, की सुज्ञ सभासद समजतो: नव्या टाकीचे कोटेशन आलेले आहे.

नियम २. एका प्रश्नात दोन कोंबावेत, कागद वाचतो. ‘वॉचमन आणि पार्किंगबाबत आपण समाधानी आहात काय? होय/नाही.’ आता वॉचमन झोपतो, पार्किंग बरे आहे. माणसाने खूण करायची कुठे? आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी दोन्हींवर केली आणि समासात लिहिले, ‘मांजरांचे काय?’ मत बाद. (खरे म्हणजे ‘आणि’ दिसला की प्रश्न तिथेच तोडावा. पण ऐकतो कोण!)

नियम ३. पर्याय: उत्तम, अतिउत्तम, सर्वोत्तम. रेन्सिस लिकर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशी पाच पायऱ्यांची मोजपट्टी मांडली. आमच्याकडे खाली उतरणाऱ्या पायऱ्या काढून टाकल्या आहेत.

नियम ४. स्मरणशक्तीची परीक्षा घ्यावी. ‘गेल्या वर्षभरात पाणी किती वेळा गेले?’ काल गेले असेल तर उत्तर ‘रोज’, नसेल तर ‘कधीतरी’. हे हसण्यावारी नेऊ नका. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९९९-२००० च्या फेरीत खाण्यापिण्याचा खर्च त्याच घरांना ७ दिवसांचाही विचारला आणि ३० दिवसांचाही. त्यावरून देशातले गरीब नक्की किती घटले, यावर अर्थतज्ज्ञांत जुंपली. तेव्हा पाण्याचे ‘गेल्या आठवड्यात’ इतकेच विचारा हो.

नियम ५. वर फ्लॅट नंबर, खाली ‘माहिती गोपनीय राहील’.

नियम ६. छापण्याआधी कुणालाही भरायला देऊ नये. दिला तर चुका सापडतात.

एवढे करूनही सेक्रेटरी स्वतः जिने चढून कागद वाटतात, आणि लोक पाठीमागे दुधाचा हिशेब मांडतात. बिनपगारी काम, वर बोलणी. म्हणून शेवटी एक प्रश्न सुचवतो: ‘पुढच्या वर्षी सेक्रेटरी व्हायला आपण तयार आहात काय?’ छोटा, सरळ, एकाच गोष्टीबद्दलचा, कुठेही न झुकलेला. शास्त्राप्रमाणे यात खोट काढता येत नाही. कागद मात्र एकही परत येणार नाही.