दोन खिशांचा माणूस

रविवारी सकाळी ठाणे, डोंबिवली किंवा कोथरूडमधल्या कुठल्याही सोसायटीच्या आवारात चार माणसं तावातावाने बोलताना दिसली की समजावं, देशाचं पतधोरण ठरतंय. रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीत सहा सभासद असतात आणि साधारण दोन महिन्यांतून एकदा भेटून त्यांचं भागतं. ही समिती रोज भेटते, दुधाची पिशवी हातात घेऊन. तिचा मुख्य वक्ता निवृत्त बँक अधिकारी असेल, इंजिनिअर असेल, शिक्षक असेल. पात्रतेच्या अटी दोनच: थोडीफार गुंतवणूक हवी, आणि आजची भाजी स्वतः आणलेली हवी. महाराष्ट्राने देशाला चिंतामणराव देशमुख, यशवंतराव चव्हाण, शंकरराव चव्हाण आणि मधु दंडवते असे अर्थमंत्री दिले. ती परंपरा सोसायटीच्या पातळीवर चालू ठेवण्याचं काम या माणसाने आपणहून अंगावर घेतलेलं आहे. त्याला महागाईबद्दल ठाम मत आहे असा त्याचा लौकिक असतो. माझं म्हणणं असं की त्याची मतं दोन असतात आणि दोन्ही तितकीच ठाम असतात. कारण त्याला खिसे दोन आहेत. डाव्या खिशातून पैसे जातात, उजव्यात येतात, आणि अर्थव्यवस्थेचं काय चाललंय हे बोलताना त्याचा हात कोणत्या खिशात आहे यावरून ठरतं.

सोन्याचंच घ्या. 2025 मध्ये सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेलं. मुलीच्या लग्नाची यादी करायला बसल्यावर या माणसाच्या लेखी ती सरकारची नामुष्की होती, रुपयाची धूळधाण होती, सामान्य माणसाने जगायचं कसं हा प्रश्न होता. त्याच रात्री लॉकरमधल्या पाटल्या-बांगड्यांचा मनातल्या मनात हिशेब केल्यावर तेच सोनं त्याच्या दूरदृष्टीचा पुरावा झालं. घराचंही तसंच. स्वतःच्या फ्लॅटचा भाव तिप्पट झाला तर त्याला तो ‘एरियाचा विकास’ म्हणतो. त्याच रस्त्यावर मुलासाठी फ्लॅट बघायला गेला की त्याच भावाला ‘बिल्डर लॉबीचा माज’ म्हणतो. दोन्ही वाक्यं एकाच दिवशी उच्चारताना त्याला अडखळायला होत नाही, कारण प्रत्येक वाक्यापुरता तो शंभर टक्के प्रामाणिक असतो. ढोंगी माणसाला आपण काय लपवतोय ते माहीत असतं. याला ते माहीत नसतं, म्हणून तो ढोंगी ठरत नाही आणि म्हणूनच विनोदाच्या कामाचा ठरतो.

हे खिसे एकाच माणसाचे असतात तोवर भांडण मनातल्या मनात मिटतं. ते एकाच घरात दोन माणसांकडे गेले की रंग चढतो. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर 4 टक्क्यांवरून साडेसहावर नेला. पन्नास लाखांच्या वीस वर्षांच्या गृहकर्जाचा व्याजदर साडेसहावरून नऊ टक्क्यांवर गेला की हप्ता महिन्याला साडेसात हजारांहून जास्त वाढतो. तेव्हा जेवणाच्या टेबलावर मुलगा सांगत होता की हे धोरण तरुण पिढीचा गळा घोटणारं आहे, आणि वडील आमटीचा भुरका मारत म्हणत होते की अखेर बचतीची किंमत कळणारं कोणीतरी रिझर्व्ह बँकेत आलंय. 2025 मध्ये फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत तोच दर सव्वा टक्क्याने उतरला. टेबल तेच, आमटी तीच. भूमिकांची तेवढी अदलाबदल झाली. आता मुलाला गव्हर्नर दूरदृष्टीचे वाटू लागले आणि ज्येष्ठ नागरिकांना देशोधडीला लावण्याचा कट वडिलांच्या लक्षात आला. दोघांनीही ‘देश’ हा शब्द भरपूर वापरला. देश मात्र दोन्ही वेळा साधारण त्यांच्या पासबुकाएवढाच होता.

यातला मुदत ठेववाला जरा जवळून पाहण्यासारखा आहे, कारण त्याच्याकडे एक सुवर्णयुग असतं. त्या युगात पीपीएफवर 12 टक्के व्याज मिळायचं. ही आठवण खोटी नाही. 1986 पासून जानेवारी 2000 पर्यंत दर तोच होता. आज 7.1 टक्के मिळतात म्हणून तो सुस्कारा सोडतो. पण 1991 साली ग्राहक महागाई तेराच्या पुढे होती, म्हणजे त्या वर्षी बारा टक्के घेणाऱ्याचे पैसे वाढल्यासारखे दिसत होते आणि प्रत्यक्षात झिजत होते. उलट 2025 मध्ये महागाईचा दर उतरत उतरत ऑक्टोबरात 0.25 टक्क्यावर आला. 2012 हे पायाभूत वर्ष धरणाऱ्या मालिकेतला हा सर्वांत खालचा आकडा. सात टक्के व्याज आणि जवळपास शून्य महागाई हे गणित मांडलं तर सुवर्णयुग त्याच्या दारात उभं होतं, आणि हा गृहस्थ दार लावून जुन्या पासबुकाची पानं चाळत बसला होता. व्याज उजव्या खिशात छापील आकड्याने येतं, म्हणून लक्षात राहतं. महागाई डाव्या खिशातून सुट्ट्या पैशांनी जाते, म्हणून तिचा तेव्हाचा हिशेब कोणी ठेवलेला नसतो.

इथे तो हमखास हरकत घेणार: “0.25? साहेब, तुमचा आकडा घेऊन बाजारात जा आणि दोन किलो भाजी आणून दाखवा.” हरकत वजनदार आहे. महागाई मोजणाऱ्या त्या निर्देशांकात अन्नपदार्थ आणि पेयांचा वाटा जवळपास 46 टक्के होता, तोही 2011-12 च्या खर्चाच्या पाहणीवर बेतलेला. टांग्याचं भाडं आणि व्हिडिओ कॅसेट यांना त्यात जागा होती, आणि शहरी मध्यमवर्गीयाचं पोट, शाळा आणि औषधांचं दुकान यांची सांगड त्याच्याशी नीट बसत नव्हती. भाज्या-डाळी स्वस्त झाल्या की आकडा खाली यायचा. मुलाची फी, मेडिक्लेमचा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स जिथल्या तिथेच. 2025 च्या फेब्रुवारीत मुंबईत रिक्षाचं किमान भाडं 23 वरून 26 रुपये झालं ते रोज दिसायचं, आणि घसरलेली तूरडाळ महिन्यातून एकदा. रिझर्व्ह बँक शहरांतल्या कुटुंबांना त्यांना जाणवणारी महागाई विचारते, तेव्हा उत्तर अधिकृत आकड्याच्या बरंच वर असतं, ते यामुळेच. पण मग हा न्याय दोन्ही बाजूंनी लागू व्हायला हवा. टोमॅटो-कांदा भडकतो तेव्हा निर्देशांक उसळी मारतो, आणि या माणसाच्या खर्चात भाजीचा वाटा लहान असल्यामुळे त्याची स्वतःची महागाई त्या आकड्याच्या खाली असते. त्या महिन्यात “सरकारी आकडा माझ्यापुरता फुगलेला आहे” असं म्हणणारा गृहस्थ अजून आवारात उभा राहिलेला नाही. त्या महिन्यात आकडा विश्वासार्ह असतो आणि तोंडपाठही असतो.

इंधनाच्या बाबतीत मात्र त्याचं म्हणणं मान्य करायला हवं. मे 2020 मध्ये कच्चं तेल कोसळलेलं असताना केंद्राने पेट्रोलवरचा कर लिटरला 10 आणि डिझेलवरचा 13 रुपयांनी वाढवला, आणि जगात स्वस्त झालेलं तेल इथल्या पंपापर्यंत पोहोचलंच नाही. वर्षभरात मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली. यावर तो चिडतो ते रास्तच आहे. फरक इतकाच की तेलकंपन्यांचे शेअर घेतलेला त्याचा शेजारी तेल उतरूनही पंपावरचा भाव न उतरण्याला ‘मार्जिन सुधारलं’ म्हणतो आणि लाभांशाच्या दिवशी सगळ्यांना चहा पाजतो. चहा सगळेच पितात. मग चर्चा राजकारणावर घसरते आणि तिथे प्रत्येकाचं पायाभूत वर्ष वेगळं निघतं. एकजण 2013 पासून मोजतो, कारण तेव्हा महागाई दहा टक्क्यांच्या आसपास होती. दुसरा 2014 च्या चारशेच्या अनुदानित सिलिंडरपासून मोजत 2025 च्या साडेआठशेवर येतो. दोघांचेही आकडे खरे. सरकारचं सांख्यिकी खातं पायाभूत वर्ष बदलायला दहा-बारा वर्षं लावतं. आवारातली समिती ते दोन वाक्यांच्या मध्ये बदलते.

कोणी म्हणेल, यात हसण्यासारखं काय आहे? स्वतःचं हित पाहून बोलणं हीच तर लोकशाही. 1972 साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्याही आपल्या घरच्या पिठा-तेलासाठीच. अगदी बरोबर, पण त्यातल्या बहुतेक बायकांकडे खिसा एकच होता आणि तो रिकामा होता, म्हणून मागणी सरळ होती. आजच्या गृहस्थाला कांदा स्वस्त हवा; डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली तेव्हा त्याने मान डोलावली. लगेच निफाडहून भावाचा फोन आला, लासलगावच्या बाजारात काय भाव फुटला ते कळलं, आणि संध्याकाळपर्यंत हेच सरकार शेतकऱ्याच्या मुळावर उठलेलं होतं. तेव्हाच्या निर्देशांकात कांद्याचं वजन अवघं 0.64 टक्के होतं, तरी 2024 च्या निवडणुकीत नाशिक आणि दिंडोरी या दोन्ही जागा सत्ताधाऱ्यांनी गमावल्या, आणि त्यात कांद्याचा वाटा होता हे पराभूत बाजूलाही नाकारता आलं नाही. कोणतंही सरकार या माणसाला व्याज जास्त, हप्ता कमी, कांदा स्वस्त, कांद्याला भाव, सोनं उतरलेलं आणि सोनं चढलेलं एकाच अर्थसंकल्पात देऊ शकत नाही. सरकारला हे ठाऊक असतं, म्हणून ते आलटून पालटून एकेका खिशाला थोपटतं. 2024 च्या अर्थसंकल्पात शेअरवरच्या दीर्घकालीन नफ्याचा कर 10 वरून साडेबारा टक्के केला, पुढच्या वर्षी बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला नव्या करप्रणालीत आयकर माफ केला. पहिल्या वर्षी गृहस्थ म्हणाला, लुटलं; दुसऱ्या वर्षी म्हणाला, उशिरा का होईना अक्कल आली. त्याच्या या विस्मरणावर अर्थखातं किती विसंबून असतं हे त्याच्या ध्यानात येत नाही.

तेव्हा स्वार्थाला हरकत नाही. हरकत आहे ती ‘मला’ म्हणायच्या जागी ‘देशाला’ म्हणण्याला. टीव्हीवर शेअर सुचवणाऱ्या विश्लेषकाला सेबीच्या नियमाप्रमाणे आधी सांगावं लागतं की हा शेअर माझ्याकडे आहे की नाही. हाच नियम सोसायटीच्या आवाराला लावावा. बोलायला उभं राहणाऱ्याने आधी जाहीर करावं: मुदत ठेवी इतक्या, गृहकर्ज इतकं, एसआयपी इतकी, तोळे इतके, गावाकडे कांदा किती एकर. एवढं कळलं की त्याचं पुढचं भाषण श्रोत्यांना आपोआप कळेल आणि वाद पाच मिनिटांत मिटेल. अडचण एकच आहे. आपल्याकडे माणूस चारचौघांत सरकारवर, रिझर्व्ह बँकेवर आणि जागतिक भांडवलशाहीवर मनमोकळं बोलेल, पण आपली एफडी किती आहे ते बायकोलाही सांगणार नाही. त्यामुळे नियम बारगळेल आणि पुढच्या रविवारी समिती नेहमीप्रमाणे भरेल.