मेला म्हंजी मेला

भालकीच्या अडत बाजारातले आमचे मुनीमजी दिवसभर तुरीच्या पट्ट्या लिहितात आणि दिवे लागले की सिनेमांचे शेवट तपासायला बसतात. नायक मेला तर मेलेलाच राहिला पाहिजे, एवढीच त्यांची अट. एकदा बंद झालेलं खातं पुन्हा उघडलेलं त्यांना खपत नाही. मग ते शेतकऱ्याचं असो की बॅटमनचं.

बॅटमनवर त्यांचा विशेष राग. क्रिस्टोफर नोलनच्या 2005 आणि 2008 च्या भागांना ते मानतात. जोकरचं नाव निघालं की कानाची पाळी धरतात. पण 2012 चा 'द डार्क नाइट राइझेस' निघाला की लेखणी कानावर खोचून म्हणतात, "बॉम्ब घेऊन समुद्रावर गेला, स्फोट झाला, गावानं पुतळा उभारला. इथं दिवे लावायचे अन् घरी जायचं! पुढं कशाला ओढायचं?"

बिदरला इंजिनियरिंग शिकणारा भाचा सरसावतो. "मामा, विमानाचा ऑटोपायलट त्यानं सहा महिने आधीच दुरुस्त केलता की!"

"मग त्या घरच्या नोकराला, आल्फ्रेडला सांगायला काय झालतं? म्हाताऱ्याला कबरीवर रडवलं, अन् हा तिकडं फ्लॉरेन्सात बाईसंगट हॉटेलात बसलाय. सुतक तरी फिटलं होतं का?"

गंमत म्हणजे, त्याच सिनेमात खलनायक बेन बॅटमनचा कणा मोडतो आणि विहिरीसारख्या तुरुंगातला एक कैदी त्याला दोरीनं टांगून, गुद्दा घालून तो बसवतो. त्यावर मुनीमजींचा आक्षेप नाही. "आमचे हाडवैद्यबी आसंच बसवतेत."

'क्रिश 3'नं 2013 च्या दिवाळीत त्यांना जवळजवळ जिंकलं होतं. बाप रोहित मुलासाठी जीव देतो, हे बघून त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. तेवढ्यात सुनेला मुलगा झाला, त्याचं नावही रोहितच, आणि अंगात तीच शक्ती! "झालं! जुनी बाकी नव्या वहीत ओढली!" 1975 च्या 'शोले'त ठाकूर गब्बरला मारतो असा शेवट आधी चित्रित झाला होता आणि सेन्सॉरनं तो बदलायला लावला, हे कळल्यापासून तर ते सेन्सॉरचं नाव काढू देत नाहीत.

एकदा भाच्यानं पेचात धरलं. "मग सीमाप्रश्नाचा शेवट सांगा मामा. 1956 ला आपण म्हैसूर राज्यात गेलो, 1967 ला महाजन आयोगाचा अहवाल आला, 2004 पासून खटला सुप्रीम कोर्टात हाय."

मुनीमजींनी वही मिटली. "ते पिच्चर न्हाई बाळा, मालिका हाय. मालिकेला शेवट मागायचा नसतो."

भालकीला आलात तर तुरीचा भाव जरूर विचारा. पण कुठल्या सिनेमाचा शेवट बरा वाटला, असं चुकूनही म्हणू नका. बिदरची शेवटची बस हमखास चुकेल.